हिब्रू बोलणाऱ्याला इंग्रजी शब्द शिकवताना: एका वेळी एकच, पण पक्का

इस्रायलमधल्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या मराठी ज्यू, घरांत हे नेहमी घडतं. आजी मराठी बोलते, नातू हिब्रू बोलतो आणि शाळेच्या इंग्रजीत अडला की तो येतो आजीकडेच, नाहीतर मुंबईत शिकलेल्या मामाकडे. आपण हौसेने त्याला घेऊन बसतो, पण पहिल्याच दिवशी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

त्याची वही उघडून बघा. पानावर तीन रकाने दिसतील: इंग्रजी शब्द, हिब्रू अक्षरांत लिहिलेला उच्चार आणि हिब्रू अर्थ. लष्करी सेवा संपवून विद्यापीठ प्रवेशाच्या सायकोमेट्रिक परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा अशीच वही घेऊन माझ्याकडे आला होता. वहीत चारशेच्या वर शब्द होते. मी त्याला उताऱ्यातलं एक वाक्य वाचायला दिलं. त्यात 'ॲक्चुअल प्राइस' होतं, म्हणजे प्रत्यक्षात पडलेली किंमत. त्याने अर्थ सांगितला, 'आजची, चालू किंमत'. हिब्रूत 'अक्तुआली' म्हणजे सध्याचं, ताजं. वहीत त्याने ॲक्चुअलसमोर तेच लिहून ठेवलं होतं आणि वर्षभर तेच घोकलं होतं. मेहनत कुठेच कमी नव्हती, फक्त पायऱ्यांचा क्रम चुकला होता.

हा लेख अशा मुलांना शिकवणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. तुम्ही दिमोना, लोद, अश्दोदमध्ये असा किंवा पुण्यातून ऑनलाइन शिकवत असा. पायऱ्या गाळू नका आणि त्यांचा क्रम बदलू नका.

तयारी

कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा, पाच कप्प्यांचा डबा, एक लाल पेन आणि उच्चार ऐकवणारा शब्दकोश एवढं पुरतं. हिब्रू अर्थ पाहायला मॉर्फिक्स हा ऑनलाइन शब्दकोश सोयीचा आहे.

शब्द वहीत लिहू नका, कार्डावर लिहा. हिब्रू वही उजवीकडून उघडते, इंग्रजी डावीकडून. एकाच ओळीत दोन्ही भाषा आल्या की डोळे दोन दिशांना ओढले जातात. मोबाइलवर तर पूर्णविराम आणि कंस भलत्याच टोकाला जाऊन बसतात. म्हणून कार्डाच्या एका बाजूला फक्त इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला फक्त हिब्रू. अँकीसारखं कार्डांचं ॲप वापरत असाल तरी हाच नियम पाळा.

वेळ रोज पंधरा मिनिटं. त्यातली पाच नव्या शब्दाला, दहा जुन्या कार्डांना. बहुतेक जण हे प्रमाण उलटं ठेवतात आणि मग मागचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं.

१. शब्द निवडा

शब्द त्याने स्वतः कुठेतरी पाहिलेला किंवा ऐकलेला हवा: धड्यातला, गाण्यातला, दुकानाच्या पाटीवरचा. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्यही सोबत घ्या, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच वाक्यावर उभ्या राहतात.

कोणता शब्द आधी घ्यायचा हे वापरावरून ठरवा. इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे साधारण दोन हजार शब्द पक्के होईपर्यंत दुर्मीळ शब्दांच्या मागे लागू नका. बगरुतमध्ये, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेत, इंग्रजीची पाच युनिटं (सर्वांत वरची पातळी) घेणाऱ्याला किंवा विद्यापीठात जाणाऱ्याला त्यानंतर 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' उपयोगी पडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या यादीत ५७० शब्दकुळं आहेत आणि पाठ्यपुस्तकांत ती पुन्हा पुन्हा भेटतात.

सावध: वर्णानुक्रमाने शब्द शिकवू नका. अडॉप्ट आणि अडॅप्ट पाठोपाठ आले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच. 'लेंड' आणि 'बॉरो' एकाच दिवशी शिकलेला मुलगा उसने कोण देतो आणि कोण घेतो यात पुढे बराच काळ गोंधळतो. एक आज द्या, दुसरा दोन आठवड्यांनी.

२. आधी ऐकवा, अक्षरं दाखवू नका

इथे घाई करू नका. आजच्या हिब्रूत स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त्यामुळे इंग्रजीतले जवळजवळचे स्वर हिब्रू कानाला एकच वाटतात. शिप आणि शीप, बेड आणि बॅड, फुल (भरलेला) आणि फूल (मूर्ख), कट आणि कॅट. कानाला फरक कळला नाही तर तोंडातून येणार नाही आणि तोंडातून आला नाही तर स्पेलिंग ही निव्वळ पाठांतराची गोष्ट होऊन बसते.

शब्द रेकॉर्डिंगवरून पाच वेळा ऐकवा, मग त्याला म्हणायला सांगा. स्वतःच्या उच्चारावर विसंबू नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण मराठी माणसं इथे दोन प्रकारे चुकतो. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना ते नीट पाळत नाही. आणि 'थिंक' आपण मराठी थ वापरून म्हणतो, जो इंग्रजी उच्चार नाहीच. हिब्रूभाषक मूल त्याच शब्दाला 'सिंक' किंवा 'टिंक' म्हणतं, आपण 'थिंक' म्हणतो, आणि दोघेही चुकतो. जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवून हवा सोडायची. आरशासमोर बसा, जीभ दिसली तर बरोबर. 'वाइन' (दारू) आणि 'वाइन' (द्राक्षवेल) या शब्दांत तर मराठीत लिहितानाच फरक दाखवता येत नाही. दारूच्या शब्दाला ओठांचा चंबू होतो, वेलीच्या शब्दाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात.

मग आघात. हिब्रू शब्दात जोर बहुधा शेवटच्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर, पडतो, काही वेळा त्याच्या आधीच्या. इंग्रजीत तो कुठेही पडतो आणि हलतोही. फोटोग्राफमध्ये पहिल्या अवयवावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. जिथे जोर आहे तिथे टाळी वाजवायला लावा. लहानांना हे आवडतं, मोठे लाजतात, पण त्यांनाही लावाच.

तपासा: त्या शब्दाचा जुळा असेल (शिपला शीप, बेडला बॅड), तर दोन चित्रं समोर ठेवा. रेकॉर्डिंगवर दहा वेळा उलटसुलट ऐकवा आणि बोट दाखवायला सांगा. दहापैकी आठ बरोबर आले तर पुढे चला. नाही आले तर आज इथेच थांबा आणि उद्या पुन्हा ऐकवा.

३. आता लिहू द्या, पण हिब्रू अक्षरांत नाही

हिब्रू अक्षरांत इंग्रजी उच्चार लिहिण्याची सवय आजच मोडा. हिब्रू लिपीत २२ अक्षरं आहेत आणि ती सगळी मुळात व्यंजनं. वाव, योद अशी काही अक्षरं स्वराचंही काम करतात. स्वर दाखवणाऱ्या खुणा, ज्यांना निकुद म्हणतात, त्या लहान मुलांच्या पुस्तकांत असतात आणि पुढे गळून जातात. बेड आणि बॅड दोन्ही बेत-दालेत असे लिहिले जातात. म्हणजे ज्या स्वरासाठी आपण दुसऱ्या पायरीवर एवढा जीव काढला, तोच कागदावरून पुसला जातो.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. हिब्रू वाचणारा व्यंजनांचा सांगाडा बघतो आणि स्वर संदर्भावरून भरतो. सामेख-पे-रेश ही तीन अक्षरं दिसली की ते 'सेफेर' म्हणजे पुस्तक आहे, 'सपार' म्हणजे न्हावी आहे की 'सफार' म्हणजे मोजलं आहे, हे तो वाक्यावरून ठरवतो. हिब्रूत हे कौशल्य आहे. पण तोच डोळा इंग्रजीवर गेला की ब-र-ड एवढाच सांगाडा पकडतो. ब्रेड, बोर्ड, बीअर्ड, ब्रॉड, बर्ड या सगळ्यांत बी, आर आणि डी आहेतच. मुलगा यातला कुठलाही शब्द दुसऱ्यासारखा वाचतो आणि आपल्याला वाटतं की त्याचं लक्ष नाही. त्याचं लक्ष असतं, फक्त ते व्यंजनांवर असतं.

उपाय साधा आहे. कार्डावर व्यंजनं निळ्या पेनने, स्वर लाल पेनने. ब्रेडमधले ई आणि ए लाल, बोर्डमधले ओ आणि ए लाल. शब्द वाचताना आधी लाल अक्षरं मोठ्याने म्हणायची, मग पूर्ण शब्द. पहिली दोन-तीनशे कार्डं तरी अशीच करा. फॉर्म-फ्रॉम, क्वाएट-क्वाइट या चुका याने बऱ्याच कमी होतात.

न उच्चारलेलं अक्षर असेल (नाइफमधला के, हाफमधला एल), तर त्याभोवती गोल करा. लहान मुलं बी आणि डी उलटे काढतात, त्यात उजवीकडून डावीकडे लिहिण्याच्या सवयीचीही भर पडते. रागावू नका, बाण काढून दिशा दाखवा. हिब्रूत मोठी आणि छोटी अक्षरं असा भेद नसतो, म्हणून वाक्याची सुरुवात आणि नावं यांची वेगळी आठवण द्यावी लागते.

तपासा: कार्ड उलटं ठेवा आणि शब्द एकदाच लिहायला सांगा. वीस वेळा लिहून घेण्यात काही अर्थ नाही. तिसऱ्या वेळेपासून हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे असतं.

४. हिब्रू अर्थ आता, आणि तोही पारखून

शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य वाचा आणि त्यालाच अंदाज करू द्या. मगच मॉर्फिक्स उघडा. तिथे एका शब्दाखाली चार-पाच अर्थ दिसतील, त्यातला या वाक्यात बसणारा एकच कार्डाच्या मागे लिहा. सगळे अर्थ उतरवून घेतले तर एकही लक्षात राहत नाही.

अर्थ लिहिण्याआधी तीन सापळे तपासा.

पहिला सापळा कानाचा. हिब्रूत 'मी' म्हणजे कोण, 'हू' म्हणजे तो, 'ही' म्हणजे ती आणि 'दाग' म्हणजे मासा. इंग्रजीत मी म्हणजे मला, हू म्हणजे कोण, ही म्हणजे तो आणि डॉग म्हणजे कुत्रा. मराठी आजी जवळ बसली असेल तर तिचा 'मी' आणखी तिसराच. नवख्याला हे चार शब्द चार वेगवेगळ्या आठवड्यांत द्या आणि प्रत्येक वेळी बोटाने माणूस दाखवून म्हणवून घ्या.

दुसरा सापळा उसन्या शब्दांचा. अक्तुआली वर आलाच. 'सिम्पाती' म्हणजे हिब्रूत छान स्वभावाचा माणूस, इंग्रजी सिम्पथेटिक म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा. हिब्रू 'स्तुदेंत' फक्त विद्यापीठात असतो, शाळेतला मुलगा 'तल्मीद'. इंग्रजी स्टुडंट दोन्हीकडे चालतो. 'गिम्नासिया' म्हणजे माध्यमिक शाळा, इंग्रजी जिम्नेशियम म्हणजे व्यायामशाळा. 'त्रेनिंग' म्हणजे अंगात घालायचा ट्रॅकसूट. 'तोस्त' म्हणजे आत चीज घालून दाबून भाजलेलं सँडविच, इंग्रजी टोस्ट म्हणजे नुसता भाजलेला पाव. शब्द ओळखीचा वाटला की मूल खूश होऊन पुढे पळतं, तिथेच त्याला थांबवा.

तिसरा सापळा सर्वांत अवघड: हिब्रूत एक शब्द, इंग्रजीत दोन. 'रेगेल' म्हणजे लेग आणि फूट दोन्ही. 'याद' म्हणजे हँड, आणि रोजच्या बोलण्यात आर्मसुद्धा. 'एत्स्बा' हाताचं बोट आणि पायाचंही. 'शाओन' मनगटावरचं आणि भिंतीवरचं. 'गावोहा' माणूस उंच आणि डोंगर उंच. 'लिल्मोद' म्हणजे लर्न आणि स्टडी दोन्ही. आपलं मराठी इथे हिब्रूच्याच बाजूने उभं आहे: पाय, हात, बोट, घड्याळ, उंच, शिकणं. म्हणून या चुका आपल्याला खटकत नाहीत आणि आपल्या नजरेतून निसटतात. अशा शब्दाच्या कार्डावर मागे हिब्रू शब्द एकटा लिहू नका, चित्र काढा. मांडीपासून घोट्यापर्यंतचा भाग रंगवलेला पाय, किंवा मनगटावरचं घड्याळ.

५. शब्दाचा सोबती जोडा

शब्द एकटा आठवला तरी वाक्यात घोडं अडतं ते बाजूच्या छोट्या शब्दावर. हिब्रूभाषक 'अफ्रेड फ्रॉम' म्हणतो, कारण हिब्रूत भीती 'मि' म्हणजे 'पासून' वाटते. तो 'मॅरीड विथ' म्हणतो, कारण तिथे लग्न 'इम' म्हणजे 'सोबत' होतं. 'डिपेंड्स इन', 'आन्सर ऑन द क्वेश्चन', 'डू अ मिस्टेक' हे सगळं थेट हिब्रूतून आलेलं आहे. दिवा बंद करायलाही तो 'क्लोज द लाइट' म्हणतो, कारण बोली हिब्रूत दिव्यालाही दार बंद करण्याचंच क्रियापद वापरतात.

यावर व्याकरणाचं व्याख्यान देऊ नका. कार्डावर शब्दच दुकट्याने लिहा: नुसतं अफ्रेड नाही, 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'. नुसतं मिस्टेक नाही, 'मेक अ मिस्टेक'. नाम असेल तर 'अ' किंवा 'ॲन' लावूनच लिहा, कारण हिब्रूत 'एक' या अर्थाचं असं उपपद नाही आणि तो ते हमखास विसरतो. ॲडव्हाइस आणि फर्निचरला ते लागत नाही, हेही कार्डावरच दिसू द्या. हिब्रूत सल्ले आणि फर्निचर मोजता येतात, म्हणून 'ॲडव्हाइसेस', 'फर्निचर्स' ऐकू येतं. बातम्याही तिथे अनेकवचनी, म्हणून 'न्यूज आर'.

६. कुटुंब तिसऱ्या दिवशी

हिब्रू माणसाच्या हातात एक मोठं बळ आहे: शोरेश, म्हणजे धातू. काफ-ताव-बेत या तीन अक्षरांतून कातव (लिहिलं), मिख्ताव (पत्र), क्तोवेत (पत्ता), क्तिवा (लेखन) सगळं निघतं. त्यामुळे तो इंग्रजीतही कुटुंब शोधतो आणि राइट, लेटर, ॲड्रेस यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही हे पाहून निराश होतो. त्याला दाखवा की इंग्रजीत कुटुंबाचं डोकं बहुधा तेच राहतं आणि शेपटी बदलते: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह.

एका ठिकाणी हिब्रू थेट मदतीला येते. 'आय ॲम बोरिंग' ही जुनी चूक. मला कंटाळा आलाय असं म्हणायचं असतं आणि तो म्हणून जातो मी कंटाळवाणा आहे. हिब्रूत हा भेद स्पष्ट आहे: मेशाआमेम म्हणजे कंटाळवाणा, मेशुआमाम म्हणजे कंटाळलेला. ही जोडी शेजारी लिहून बोरिंग आणि बोर्ड (कंटाळलेला) तिच्याखाली लिहा. मेआन्येन आणि मेउन्यान खाली इंटरेस्टिंग आणि इंटरेस्टेड. पाच मिनिटांत उमजतं आणि टिकतं.

सावध: हे पहिल्याच दिवशी करू नका. मूळ शब्द दोन दिवस तोंडात बसू द्या.

७. स्वतःचं एक वाक्य

वाक्य आजचं आणि खरं हवं. 'द डॉग इज बिग' नको. 'आय ॲम अफ्रेड ऑफ अवर नेबर्स डॉग' चालेल, जर शेजारचा कुत्रा खरंच भुंकत असेल. वाक्य आधी मोठ्याने कुणाला तरी सांगायचं, नंतर लिहायचं.

तपासा: वाक्यात क्रियापद आहे का? वर्तमानकाळात हिब्रू 'आहे' म्हणतच नाही. 'आनी आयेफ', मी थकलेला, संपलं वाक्य. म्हणून 'आय टायर्ड' येतं. दुरुस्त करताना फक्त 'आय...?' एवढंच म्हणून थांबा, 'ॲम' त्याला स्वतः भरू द्या.

८. उजळणी

नवा शब्द रविवार ते गुरुवार, रोज एक. शुक्रवारी नवीन काही नाही, फक्त आठवड्याची कार्डं. शब्बातला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, अनेक घरांत लिहीत नाहीत, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तोंडी विचारा. आठवड्याला पाच म्हणजे वर्षाला अडीचशेच्या आसपास. परीक्षा जवळ असेल तर रोज तीन करा, त्यापुढे जाऊ नका.

डब्याचे कप्पे असे: पहिला दुसऱ्या दिवशी, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा दोन आठवड्यांनी, पाचवा महिन्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की सरळ पहिल्यात, मग ते पाचव्यातलं असलं तरी. 'जवळजवळ आलं होतं' याला चूकच धरा.

पहिल्या दोन कप्प्यांत इंग्रजी बाजू दाखवून अर्थ विचारा. तिसऱ्यापासून हिब्रू बाजू किंवा चित्र दाखवा आणि इंग्रजी शब्द, सोबत्यासकट, वाक्यात मागा. ही उलटी दिशा बहुतेक घरांत कधी होतच नाही. म्हणून मुलं वाचून समजतात, पण बोलायला तोंड उघडत नाहीत.

पाचव्या कप्प्यातून बरोबर निघालेलं कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा पाकीट चाळा.

काही कार्डं मात्र पुन्हा पुन्हा पहिल्या कप्प्यात येऊन पडतात. चार वेळा पडलेलं कार्ड तसंच रेटू नका. ते फाडून टाका आणि दोन महिने तो शब्द विसरा. नंतर कधीतरी तो त्याला नव्या वाक्यात भेटेल, तेव्हा नवं कार्ड घ्या, दुसरं चित्र काढा आणि दुसऱ्या पायरीपासून, म्हणजे ऐकण्यापासून, सुरू करा. माझ्या अनुभवात अशा शब्दांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं: तो शब्द त्याने कधी नीट ऐकलेलाच नसतो.